किल्लीची अट

वसईच्या एका चर्चमध्ये तुस्कानो सर युवक गटाचे प्रमुख होते. दर रविवारी ते दोन तास भाषण द्यायचे आणि मुलं कमी झाली की आलेल्यांनाच झापायचे. एकदा ते फादरांसमोर म्हणाले, "मी मेंढपाळ चांगलाच आहे, मेंढरंच नालायक. गटाची खोली बंद करा." त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली गटातल्याच इव्हेटकडे होती. तीन वर्षं ती सरांना मुकाट्यानं चहा देत आली होती. आज मात्र ती रागानं म्हणाली,

"सर, चांगला मेंढपाळ मेंढरांना नावानं हाक मारतो. माझं नाव सांगा आणि किल्ली घ्या."

सर चाचरले. "तू... ती चहा देणारी ना?"

फादर म्हणाले, "इव्हेट, किल्ली तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या रविवारी भाषण नाही. सर चहा देतील, प्रत्येकाला नाव विचारून."