राजाच्या तळ्यातले उपाशी मासे

हेमवट नगरीत भद्रकेतू राजा राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व ना मंत्री होते, ना व्यापारी तांड्याचे सार्थवाह. ते राजाच्या बागेतल्या तळ्यात रोहू मासा होऊन जन्मले होते. मासा म्हणून कोणी नाक मुरडू नये. सिंहासनावर बसून शहाणपणा करणारे पुष्कळ असतात. पाण्यात राहून तो करून दाखवायला छाती लागते, आणि ती ह्या माशाला होती. सांगताना आजही माझी मान ताठ होते.

भद्रकेतूला आपल्या तळ्याचा भारी अभिमान. रोज सकाळी तो स्वतः पायऱ्यांवर यायचा आणि तुपात मळलेले कणकेचे गोळे पाण्यात टाकायचा. राजा टाकतो म्हटल्यावर राण्या टाकायच्या, राण्या टाकतात म्हणून सारं नगर टाकायचं. पुण्य कोणाला नको असतं? शिवाय पानांखाली मासे दिसत नाहीत म्हणून राजानं तळ्यातली सगळी कमळं मुळासकट उपटून घेतली होती. मासे फुगले, लोक खूश झाले, आणि दोन पावसाळ्यांत तळं हिरवंगार झालं.

पायऱ्यांवर शेवाळ, कडेला शेवाळ, मधोमध त्याचे लांबच लांब झुबके. दिवसा कसंबसं निभायचं, पण पहाटे माशांचा श्वास कोंडायचा. सगळे पृष्ठभागाशी येऊन तोंडं वासायचे, आणि ज्यांच्यात तेवढंही बळ उरलं नव्हतं अशी काही पिलं उजाडेपर्यंत उलटी तरंगू लागायची.

कार्तिकी पौर्णिमेला शेजारचा राजा पाहुणा म्हणून येणार होता. भद्रकेतूनं त्याच्याजवळ तळ्याची इतकी बढाई मारली होती की आता हिरवं पाणी दाखवायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच. त्यानं बागेचा अधिकारी कृतवर्धन ह्याला बोलावलं.

कृतवर्धन म्हणाला, "त्यात काय अवघड आहे, महाराज? गेळफळाची पूड टाकू. मासे गुंगून वर येतील, ते काढून फेकू. तळं उपसू, घासू, चुना मारू. पाणी भरून नवे मासे सोडू. पाहुण्यांना कुठं कळणार आहे?"

राजा जरा घुटमळला, पण म्हणाला, "बरं. पोती आणून ठेव."

हे सगळं पायरीच्या सावलीत बोधिसत्त्वांनी ऐकलं. तळ्यातलं जादा पाणी एका पाटानं नदीत जायचं. पाटाच्या तोंडाशी बांध होता, आणि बोधिसत्त्वांसारखा धिप्पाड मासा एका उडीत तो पार करू शकला असता. पलीकडे वाहतं, गार, स्वच्छ पाणी होतं. बोधिसत्त्व बांधापर्यंत गेले. मागं वळून पाहिलं तर सवयीनं पिलं त्यांच्या मागोमाग आलेली. त्यांना काही तो बांध ओलांडता येणार नव्हता. बोधिसत्त्व परत फिरले आणि त्यांनी सगळ्यांना तळाशी बोलावलं.

"उद्यापासून राजाचा गोळा खायचा नाही," ते म्हणाले. "जो आपण खात नाही तो कुजतो आणि त्यावर शेवाळ पोसतं. आपण एकालाही तोंड लावलं नाही, तर राजा टाकायचंच थांबेल. भूक लागली तर हे शेवाळच खायचं."

"शेवाळ?" राजपुच्छ नावाचा एक जाडजूड मासा ओरडला. "अहो दादा, डोकं ठिकाणावर आहे ना? आपण राजाचे मासे! शेवाळ खायचं ते गावतळ्यातल्या भुरट्यांनी. आपली काही पत आहे की नाही?"

"पत आहे म्हणूनच सांगतो. आयतं तोंडात पडतंय म्हणून राहतं घर नासू द्यायचं, ही कसली पत? आपल्या घरातला केर आपण काढू."

असं म्हणून बोधिसत्त्वांनी सगळ्यांदेखत शेवाळाचा एक झुबका तोडला आणि शांतपणे चावून खाल्ला. चवीला ते काही बरं नव्हतं. पण त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

"मी मेलो तर राजाघरचं खाऊन मरेन," असं बजावून राजपुच्छ निघून गेला. पण दुसऱ्या पहाटे त्याचंच धाकटं पिल्लू धापा टाकू लागलं. मग मात्र स्वारी एका दगडाआड शेवाळ खाताना सापडली. "औषध म्हणून घेतोय," तो म्हणाला. पुढं सगळ्यांत जास्त त्यानंच खाल्लं, हेही सांगून टाकतो.

सकाळी राजा आला. त्यानं गोळे टाकले. एकही मासा वर आला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. टाकलेले गोळे सेवकांना जाळ्यानं काढून घ्यावे लागले. कृतवर्धन म्हणाला, "मासे आजारी आहेत, महाराज. आता उशीर नको." आणि त्यानं गेळफळाच्या पोत्याचं तोंड सोडलं.

तेवढ्यात बोधिसत्त्व पायरीशी आले आणि त्यांनी पाण्यातून डोकं वर काढलं.

राजाचा पारा चढला. "माझ्या हातचं अन्न नाकारणारा तू कोण रे?"

"तुमच्याच तळ्यातला, महाराज. परका असतो तर खाऊन गप्प बसलो असतो."

राजा चपापला. त्यानं हात करून कृतवर्धनाला थांबवलं. मग बोधिसत्त्वांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तळाशी कुजणारी कणीक, कमळं गेल्यामुळं थेट तळापर्यंत पोचणारं ऊन, त्यानं माजलेलं शेवाळ आणि पहाटे कोंडणारा श्वास.

राजा मटकन पायरीवर बसला. "म्हणजे मी पुण्य करत होतो, आणि तुम्ही मरत होतात?"

"तुमचा हात सढळ आहे, महाराज. तो आवरा. कमळं पुन्हा लावा, अर्धं पाणी पानांखाली झाकलं जाऊ द्या. गावतळ्यातल्या गोगलगाई आणून सोडा. त्या पायऱ्या चाटूनपुसून ठेवतील. उरलेलं आम्ही खाऊ."

"पाहुणे येईपर्यंत पाणी स्वच्छ होईल?"

"खोटं कशाला बोलू? नाही होणार."

"कृतवर्धन तर म्हणतो, एका दुपारचं काम आहे."

"खरं आहे त्याचं. पाणी आरशासारखं होईल. आणि त्यात आमच्यातलं कोणी नसेल."

राजा उठला आणि स्वतःच्या हातानं त्यानं पोत्याचं तोंड बांधलं.

कमळं लागली, गोगलगाई आल्या. "कसले शेजारी आणलेत!" म्हणून राजपुच्छ कुरकुरला. नगरातले लोकही कुजबुजले, राजानं दान बंद केलं, राजा कंजूष झाला. भद्रकेतूनं ते ऐकलं आणि गिळलं.

पौर्णिमा आली. शेजारचा राजा पायऱ्यांवर उभा राहिला. कडेचं पाणी निवळलं होतं, पण मधोमध अजून हिरवट झाक होती. पाहुणा हसून म्हणाला, "वा! एवढी कीर्ती ऐकून आलो, आणि तळं तर हिरवं!"

कृतवर्धनानं मान खाली घातली. भद्रकेतूनं घातली नाही.

"हो, हिरवं आहे," तो म्हणाला. "तुम्ही यायच्या आत मला ते लख्ख करता आलं असतं. त्यासाठी ह्यातला प्रत्येक जीव मारावा लागला असता. मी नाही मारला. हे माझं तळं आहे, आणि हे माझे मासे आहेत. बघा, सगळे आहेत."

तेव्हा सगळे मासे वर आले. म्हातारे आले, पिलं आली, पोट सुटलेला राजपुच्छ आला. कोणाच्याही हातात कणकेचा गोळा नव्हता. पाहुण्यानं आपला मुकुट उतरवला आणि पाण्यापुढं हात जोडले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात भिक्खूंना सांगितली. मग म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा भद्रकेतू म्हणजे आज विहारात रोज पक्वान्नं धाडणारा आपला उपासक धम्मिल. कृतवर्धन म्हणजे आपला घाईचा भिक्खू वप्पिल. राजपुच्छ म्हणजे गरिबाघरची भिक्षा नको म्हणणारा भिक्खू उदयक. तो पुढंच बसला आहे, त्याच्याकडं सगळ्यांनी वळून बघू नका. तळ्यातले मासे म्हणजे तुम्ही सगळे, आणि त्यांना शेवाळ खायला लावणारा तो रोहू मीच होतो."

उदयक लाजला, पण मग सगळ्यांबरोबर तोही हसला.

"मिळत नाही म्हणून सोडणं सोपं असतं," शास्ता म्हणाले. "मिळत असताना, सगळ्यांच्या भल्यासाठी ताठ मानेनं सोडणं, ह्याला नैष्क्रम्य म्हणतात. त्या जन्मी मी बुद्धत्वासाठी लागणारी ती पारमिता पूर्ण केली. आणि भिक्खूंनो, तेव्हा तुम्हीही माझ्याबरोबर उपाशी राहिला होतात."