दोन बोटं चोक

बाबालाल मिस्त्रीनं जुन्या जीपचा कार्ब्युरेटर काढून कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन बसवलं, आणि जीपचे मालक जयसिंगराव पार चक्रावून गेले. पेट्रोलचा वास नाही, खोकणं नाही, चावी फिरवली की गाडी चालू! पन्हाळ्याच्या थंडीत हे होतं तरी कसं? ओळखीची एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे गार इंजिनाला जादा पेट्रोल पाजणारी चोकची मूठ. तीस वर्षांच्या शिरस्त्यानं जयसिंगराव ती रोज दोन बोटं ओढत आणि मगच चावी फिरवत. महिनाभरानं त्यांना वाटलं, कोडं सुटलं.

रविवारी जीपवाल्यांच्या मेळाव्यात त्यांनी बाबालालला फैलावर घेतलं. "कॉम्प्युटर-बिंप्युटर सगळं थोतांड! गाडी चालू होते ती माझ्या दोन बोटं चोकमुळं. याच्याकडं कुणी गाडी देऊ नका रे!" त्यांनी मूठ ओढली, चावी फिरवली. गाडी चालू झाली.

बाबालालकडं गाडी द्यायला आलेले दोघं तिथंच मागं सरकले.

बाबालाल हात पुसत म्हणाला, "साहेब, आणखी जरा ओढा की."

साहेबांनी हिसका दिला. मुठीबरोबर हातभर तार बाहेर आली. तिच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. जीप आपली घुमतच होती.

जयसिंगराव एकदा तारेकडं, एकदा इंजिनाकडं बघत राहिले. "मग ही ठेवलीस कशाला?"

"साहेब, गाडीतला चोक मी एका दिवसात काढला. तुमच्या हातातला निघायला महिना लागला."