भिवबाची दोरी

माळावर अजून कुंपणं नव्हती, तेव्हाची गोष्ट. भिवबा उंदराला सापाची फार धास्ती. परक्याचा पहारा त्याला नको होता. म्हणून त्याने स्वतःच खपून बिळाच्या प्रत्येक दारावर टेकू लावून दगड ठेवला आणि साऱ्या टेकूंना बांधलेली एकच दोरी उशाशी आणली. ओढली की सगळी दारं बंद!

“अहो, मागचं दार तरी मोकळं ठेवा,” बायको म्हणाली.

“म्हणजे तो तिथूनच येईल!”

एका दुपारी फूत्कार ऐकू आला. भिवबा उशाकडे धावला. त्याने दोरी ओढली. धडाधड दगड पडले, अंधार झाला.

“सुटलो!”

बायको त्याला बिलगली. “अहो, आवाज आतूनच येतोय.”

भिवबा अंधारात दोरी चाचपू लागला. दगड उचलणारी दोरी त्याने बांधलीच नव्हती.