सावली वर्तुळाला टेकेपर्यंत

नदीकाठच्या एका नगरीत एकदा एक वयोवृद्ध आचार्य काठीच्या सावलीवरून दिशा ओळखण्याची विद्या शिकवत असत. लोक त्यांना ज्ञानी म्हणत. स्वतः आचार्यांना त्याविषयी थोडी शंका होती.

त्यांचा एक शिष्य दूरच्या महाविद्यापीठाची प्रवेशपरीक्षा देऊन आला होता. तेथे वर्षाला हजारजण परीक्षेस बसत आणि वीसजण घेतले जात. चाळीस दिवसांच्या आत विद्यापीठाचा दूत निर्णय घेऊन घरी येईल, असे सांगितले होते. त्यांतले अडतीस दिवस उलटले होते.

शिष्य रोज सकाळी नावेच्या धक्क्यावर जाऊन बसे आणि शेवटची नाव लागली की पडल्या चेहऱ्याने परते. पोथीला त्याने हात लावला नव्हता. "घेतलं तर तिथे सगळं नव्याने शिकवतीलच," तो म्हणे, "आणि नाही घेतलं तर शिकून उपयोग काय?" आचार्य त्याला धीर धरायला सांगत आणि स्वतः मात्र घटकाघटकेला अंगणात येऊन रस्ता न्याहाळत.

"अहो, परीक्षा त्याने दिलीय की तुम्ही?" त्यांच्या पत्नीने विचारले.

"तेच तर! लिहिलंय त्याने, पण शिकवलंय मी. माझंच काही चुकलं असेल तर?"

"मग विचारा की त्याला, काय लिहिलंस म्हणून."

"धीर होत नाही."

"मला होतो." पत्नीने सरळ हाक मारली, "अरे, इकडे ये बघू. आचार्यांच्या घशाखाली घास उतरत नाहीये. काय लिहिलंस ते एकदाचं सांग."

शिष्य येऊन उभा राहिला. त्याची मान खाली होती.

"प्रश्न सोपा होता, आई. काठीच्या सावलीने पूर्व-पश्चिम कशी ठरवाल? आचार्यांनी शिकवलं तसंच लिहिलं. काठीभोवती वर्तुळ काढावं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे खूण करावी, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की झाली पूर्व-पश्चिम रेघ. आणि खाली लिहिलं की, ही रेघ खरी नसते."

"काय?" आचार्य म्हणाले.

"सकाळपासून दुपारपर्यंत सूर्य स्वतःही थोडा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो ना? म्हणून रेघ किंचित तिरपी येते. वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस, एवढे दोनच दिवस ती सरळ. क्षमा करा, आचार्य. लिहिण्याच्या भरात लिहून गेलो. तुमच्याविरुद्ध गेलो आणि जागाही घालवली."

आचार्यांना प्रथम वाईट वाटले, मग मनात हिशेब सुरू झाला, आणि हिशेब पुढे सरकला तसे वाईट वाटणे मागे पडले.

"चाळीस वर्षं मी देवळांचे पाये आखून देतोय," ते पुटपुटले. "किती तिरपी येते म्हणालास?"

"आपल्या काठीला फार तर जवाच्या एका दाण्याएवढी."

"जवाभर ना? देव सांभाळून घेतील," पत्नी म्हणाली.

"देव घेतील, मी कसा घेऊ?" आचार्य उठले. "बाळ, अंगणातली रेघ मी सर्वांत मोठ्या दिवशीच कोरली होती. म्हणजे ती तुझ्या मतेही सरळ. सध्या दिवस-रात्र समान आहेत, म्हणजे सूर्य सर्वांत वेगाने सरकतोय; तेव्हा तिरपेपणा असलाच तर आता दिसेल. उद्या मला शिकव."

दुसऱ्या दिवशी शिष्य धक्क्यावर गेला नाही. गुरुशिष्यांनी पुरुषभर उंचीची काठी रोवली, वर्तुळ काढले, सकाळची खूण केली. दुपार कलली तशी सावली पुन्हा वर्तुळाकडे सरकू लागली. दोघेही पालथे पडून तिचे टोक बघत होते. एवढ्यात फाटक वाजले.

"महाविद्यापीठाचा दूत आलो आहे!"

"हां हां, तिथेच थांबा!" शिष्य मान वर न करता ओरडला. "सावलीत पाय ठेवू नका!"

"अहो, चार गावं फिरून आलो. लोक मला बघून धावत येतात. इथे मलाच थांबा म्हणता?"

"बसा हो," पत्नीने ताकाचे भांडे पुढे केले. "सूर्य थांबणार नाही, पत्र थांबेल."

सावली टेकली. खूण झाली. दोन्ही खुणांवर दोरा ताणून दोन्ही टोकांना जुन्या रेघेपासूनचे अंतर मोजले. पश्चिमेला चाळीस अंगुळे भरली. पूर्वेला चाळिसाला एक जव कमी.

"तिरपी!" आचार्य लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. "अगं, मी चुकलो! शिरा कर, सगळ्या आळीला वाट!"

दूत चक्रावला. "आचार्य, पत्र तर अजून बंदच आहे. आत नकार असला तर?"

"असेलही. वीस जागा आहेत, कुणाला द्यायच्या ते त्यांनी ठरवावं. अडतीस दिवस आम्ही दोघं दाराकडे डोळे लावून होतो. त्याला वाटत होतं, आपलं उत्तर खरं की खोटं ते बाहेरून कुणीतरी येऊन सांगेल. मला वाटत होतं, माझी लाज राहते की जाते ते सांगेल. आणि उत्तर इथे अंगणातच तपासता येत होतं! माझ्या शिष्याला माझ्यापेक्षा जवाभर अधिक दिसलं, गुरूला याहून गोड निकाल कुठला? आता द्या ते पत्र."

शिष्याने पत्र उघडले. त्यात लिहिले होते : 'तुमचे उत्तर आमच्या कोणत्याही ग्रंथात नाही. ते खरे की खोटे, यावर आमचे पंडित महिनाभर भांडत आहेत. त्वरित यावे आणि करून दाखवावे. जागा राखून ठेवली आहे.'

पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. दूत उभा राहिला. "मग उद्या पहाटेच्या नावेने निघू या."

"उद्या नको, परवा," शिष्य म्हणाला. "एकदाच मोजलंय. उद्या पुन्हा मोजून बघतो."

आचार्यांनी दोन्ही खुणा हलक्या हाताने पुसल्या आणि उद्यासाठी वर्तुळ मोकळे केले.

ज्यांच्या घरी सध्या अशा पत्राची वाट पाहणे चालू आहे, त्यांनी आपल्या मुलाजवळ बसून एवढेच म्हणावे : काय लिहिलंस, ते मलाही शिकव ना.