पोस्टमास्तरांनी पुढे पाठवलेला मेसेज

सोनखळी नावाच्या गावात मनोहर काटकर हे निवृत्त पोस्टमास्तर राहत होते. तीस वर्षं त्यांनी गावाची पत्रं सांभाळली होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ती वाचूनही दाखवली होती. मास्तर म्हणाले म्हणजे ते खरंच असणार, असं गाव मानत असे.

त्याच गावात शेवंताबाई पाण्याच्या टाकीवर काम करायची. रोज सकाळी ती टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायची आणि मग नळांना पाणी सोडायची.

एके दिवशी मास्तरांच्या मोबाइलवर मेसेज आला. ‘टाकीत टाकतात ती पावडर नक्की कसली? आपल्या गावात मुलं जन्माला येऊ नयेत म्हणून हा डाव तर नाही ना? बातम्यांत हे दाखवणार नाहीत. जागे व्हा, पुढे पाठवा.’

मास्तर हादरले. गेल्या दोन वर्षांत गावात बारशी कमीच झाली, असंही त्यांना वाटून गेलं. कुणाला तरी विचारावं, हे मात्र सुचलं नाही. त्यांनी मेसेज गावाच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस माणसं टाकीवर गेली आणि पावडरचं पोतं उचलून घेऊन आली. “अहो, मीही हेच पाणी पिते. माझी लेकरंही पितात,” शेवंताबाई सांगत राहिली. कुणी ऐकलं नाही. गावातल्या नवनाथचा शुद्ध पाणी विकण्याचा प्लांट होता; ज्यांना परवडत होतं त्यांनी तिथून पाण्याचे जार आणायला सुरुवात केली. बाकीचे नळाचंच पाणी पीत राहिले, आता पावडरीविना.

पंधरा दिवसांत जुलाब-उलट्यांची साथ आली. मास्तरांच्या शेजारी राहणाऱ्या रखमाची सहा वर्षांची जनी तालुक्याच्या दवाखान्यात चार दिवस सलाइनवर होती. मास्तर भेटायला गेले तेव्हा रखमा म्हणाली, “दुसऱ्या कुणाचा मेसेज असता तर सोडून दिला असता, मास्तर. तुमचं नाव बघितलं आणि खरं मानलं.”

मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुला कुणी पाठवला, त्याला कुणी पाठवला, असं विचारत ते एकेक घर मागे गेले. सहाव्या घरी नवनाथचं नाव निघालं.

नवनाथ हसला. “तसं आहे म्हणून मी कुठं म्हणालो, काका? मी नुसता प्रश्न विचारला.”

“विचारायचं होतं तर शेवंताबाईला विचारायचंस,” मास्तर म्हणाले. “तिला सोडून सगळ्या गावाला विचारलंस.”

ग्रामसभेत सगळे नवनाथवर तुटून पडले. मास्तरांचं नाव कुणी घेतलं नाही. ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ते उठले.

“मेसेज नवनाथने रचला. तुमच्या घरात तो मी आणला. त्याच्या नावावर तुम्ही विश्वास ठेवला नसता, माझ्या नावावर ठेवलात. मी शेवंताबाईला एक शब्द विचारला असता, तर जनी आजारी पडली नसती. शेवंताबाई, मला माफ कर.”

शेवंताबाई म्हणाली, “माफीचं राहू द्या, मास्तर. उद्या टाकीवर या. पावडर किती टाकते, कशाला टाकते, ते डोळ्यांनी बघा. आणि बघाल तेवढंच लिहा.”

मास्तर गेले. पाहिलं तेवढंच त्यांनी ग्रुपवर लिहिलं. तरीही मास्तरांना कुणीतरी विकत घेतलंय, असा नवा मेसेज फिरला. मास्तरांनी फोनवर वाद घातला नाही. ज्यांना शंका होती त्यांच्या दारी ते स्वतः गेले आणि एकेकाला टाकीवर घेऊन आले. ग्रुपवर टाकलेला मेसेज एका संध्याकाळात गावभर पोचला होता. तो लोकांच्या मनातून काढायला मास्तरांना चार महिने लागले.

तात्पर्य: अफवा रचणारा ती भल्या माणसाच्या नावावर खपवतो, म्हणून कुठलीही गोष्ट पुढे पाठवण्याआधी, ज्याला ती ठाऊक आहे त्याला विचारावं, आणि चूक झालीच तर ती चारचौघांत कबूल करावी.