केस वाळेपर्यंत

एकदा एका वृद्ध गायिकेचा संयम पार सुटला, आणि त्याला निमित्त झाले तिच्या शिष्येचे कुरळे केस.

दुसऱ्या दिवशी देवीच्या उत्सवात शिष्येचे पहिले जाहीर गायन होते. ही मुलगी मात्र तंबोऱ्याशी बसायचे सोडून आरशासमोर ठाण मांडून होती. कोरड्या केसांतून फणी ओढायची, केस पिंजारले की पाण्याचा हात फिरवायचा, पंच्याने खसाखसा पुसायचे आणि पुन्हा फणी! प्रत्येक उपायाने ते अधिकच फुलत होते. हे डोळ्यांना दिसत असूनही माणूस तेच तेच का करत राहतो, देव जाणे. अखेर तिने कात्री उचलली.

"माई, हे डोकं घेऊन मी लोकांसमोर बसणार नाही. केस तरी कापते, नाहीतर उद्याचं गाणं रद्द करा!"

"काप! आणि मग केस वाढल्यावर गाते म्हण," माई कडाडल्या. "दोन्ही वेळा वैताग मलाच."

त्यांनी कात्री हिसकावून घेतली आणि मुलीला न्हाणीघरात नेले. केस धुतले. ते ओलेच असताना जवस उकळून गाळलेले बुळबुळीत पाणी त्यांना लावले, मोठ्या दातांच्या कंगव्याने सावकाश गुंता सोडवला आणि जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने पाणी नुसते टिपून घेतले. मग त्याच तुकड्याने मुलीची दोन्ही मनगटे बांधून टाकली.

"अहो माई, हे काय?"

"केस वाळेपर्यंत हे सुटायचं नाही. तोवर गा."

बिचारी गाऊ लागली. डोक्याला खाज सुटली तरी हात नेता येईना. त्यात माई एक ओळ धड पुरी होऊ देईनात. "गंधार बघ!" "श्वास कुठे घेतेस?" "अगं, घाई कसली?" प्रत्येक सूचनेसरशी मुलीचा आवाज आणखी आखडत गेला.

ऊन कलले तेव्हा माईंनी हात सोडले आणि आरसा समोर धरला. केस लहान लहान वळणांनी खांद्यावर शांत उतरले होते. मुलगी पाहतच राहिली.

"कुरळा केस आपलं वळण घेऊनच जन्माला येतो," माई म्हणाल्या. "ओला असताना त्याची निगा राखावी. मग वाळेपर्यंत त्याला बोट लावू नये, कारण वाळताना तो आपली जागा शोधत असतो. तू मध्येच हात घालतेस, बट फुटते आणि एकेक केस वेगळा उभा राहतो. केसांत काही दोष नव्हता, पोरी. तुझ्याच हातांना दम नव्हता."

मुलीने आरसा बाजूला सारला. मग चाचरत म्हणाली, "माई, मघाशी मी एक तरी ओळ पूर्ण गायले का?"

"चुकत होतीस म्हणून टोकलं!"

"शिकवताना टोकाच, माई. पण उद्या मी गात असेन तेव्हा..." पुढे बोलायचा धीर होईना. तिने तो लुगड्याचा तुकडा गुरूंपुढे धरला.

माईंना संताप आला. तोंडापर्यंत आलेले शब्द त्यांनी गिळले, तुकडा ओढून घेतला आणि कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी सभामंडप भरला होता. माई अगदी पुढे बसल्या होत्या. दुसऱ्याच आलापात मुलीचा गंधार डळमळला. माईंचे तोंड उघडले, आणि त्यांनी चटकन तो तुकडा ओठांवर दाबून धरला. मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिले, डोळे मिटले आणि पुन्हा त्याच सुराकडे गेली. या वेळी गंधार आपल्या जागी येऊन ठेपला. माईंनी तुकडा ओठांवरून काढला आणि त्यानेच डोळे पुसले.

घरात कुणी वाढत असेल, शिकत असेल, तर असा एखादा मऊ तुकडा आपणही हाताशी ठेवावा.