अस्वलाचा सागवानी ढोल

जंगलात जत्रा भरायच्या त्या काळी एक म्हातारं अस्वल जाडजूड सागवानी ढोल वाजवायचं. ढोल गळ्यात अडकवला की त्याची कंबर धरायची.

"अहो, आता हलका घ्या," अस्वलीण म्हणाली.

अस्वल भडकलं. "हलके ढोल माकडांनी वाजवावेत!"

जत्रेआधी ढोल नवं कातडं चढवायला सुतारपक्ष्याकडे गेला. अस्वलिणीच्या सांगण्यावरून त्याने गुपचूप आतलं निम्मं लाकूड पोखरून काढलं आणि वर कातडं ताणून बसवलं.

जत्रेत अस्वल दिवसभर नाचत वाजवत राहिलं. ढोल असा घुमला, की माकडंही गप्प झाली.

"बघितलंस?" घामाघूम अस्वल बायकोला म्हणालं. "जड ढोलाने कंबरसुद्धा सरळ झाली! पुढच्या वर्षी याच्या दुप्पट जाडीचा घेणार."

फांदीवरचा सुतारपक्षी निमूटपणे चोचीला धार लावायला लागला.